तेरा जणांची साक्ष

आदल्या दिवशी बापलेकीचं भांडण झालं, पण त्यात विशेष काही नव्हतं. मुलगी महिन्यातून दोनदा शहरातून घरी यायची आणि दोन्ही वेळा भांडण व्हायचं. आईला त्याची इतकी सवय झाली होती, की पहिला आवाज चढला की ती चहाचं आधण ठेवायची. भांडण संपेपर्यंत चहा कपात आलेला असायचा.

वडील झाडं तोडणाऱ्या टोळीचे मुकादम होते. त्यांना नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलंच नव्हतं. बायकोसुद्धा ‘मुकादम’च म्हणायची, निम्मं कौतुकानं, निम्मं टोमण्यानं. गावामागच्या डोंगरावर ठेकेदार खूण करून देईल ती झाडं पाडायची, फांद्या छाटायच्या, ओंडके करून डेपोत पोचवायचे, यावर सगळं गाव जगत होतं. आता नवा नियम आला होता. पुढच्या हंगामापासून ज्याच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल, त्याला जंगलात झाडं कापायची मशीन चालवता येणार नव्हती. प्रशिक्षणाची फी कुणाच्याच आवाक्यातली नव्हती. मुलगी ग्रामीण रोजगाराच्या निधी कार्यालयात होती. आठ महिने वरिष्ठांच्या केबिनचे उंबरे झिजवून तिने आपल्या गावासाठी निधी मंजूर करून आणला. एका वर्षापुरता. पहिली तुकडी पास झाली तर दुसऱ्या वर्षाचा मिळणार होता, आणि मग गावातल्या तरुणांचीही सोय होणार होती. पहिल्या तुकडीत चौदा जण होते, सगळे मुकादमांच्या टोळीतले. त्यातला सगळ्यात तरुण सत्तेचाळीस वर्षांचा.

गावाने तिचे आभार वगैरे मानले नाहीत.

“चाळीस वर्षं मी जे केलं ते एक पोरगा मला सहा दिवसांत शिकवणार,” मुकादम म्हणाले होते, “आणि त्याचा पगार माझी मुलगी आणणार. घराणं नशीबवान आहे.”

“तुम्हाला शिकवत नाहीयेत बाबा. तुम्हाला येतं त्याचा कागद देतायत.”

“मग नुसता कागद दे ना. सहा दिवस बाकावर कशाला बसवतेस?”

तर, आदल्या दिवशी भांडण झालं ते आरोग्याच्या फॉर्मवरून. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी चौदाही फॉर्म भरून हवे होते. टोळीतल्या निम्म्या लोकांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून ती व्हरांड्यात टेबल टाकून बसली आणि एकेकाला पुढे बोलवू लागली. रक्तदाब, जुने अपघात, डोळे, असं करत आठव्या प्रश्नाला सगळे हसायचे. नीट ऐकू येतं का?

“काका, ऐकू येतं का नीट?” तिने ठेंगूकाकाला विचारलं.

“काय म्हणालीस?”

पायऱ्यांवर बसलेले सगळे खो खो हसले. ठेंगूकाका खुश झाला. “येतं गं बाई. बायको पैसे मागते तेवढं सोडून सगळं येतं.”

“माझा उजवा रिटायर झाला,” चष्मेवाला म्हणाला, “आणि डावा रजेवर आहे. काय लिहितेस लिही.”

तिने ‘ठीक’ लिहिलं. ‘ठीक’ लिहिलं की पुढे काही करावं लागत नव्हतं. दुसरं काहीही लिहिलं तर कानाची तपासणी, आणि तपासणीत नापास झालेला माणूस तुकडीतून बाहेर. तपासणी झाली असती तर चौदापैकी एकही टिकला नसता, हे व्हरांड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? मशीनने कान एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे चिमण्या, फोनची रिंग, तान्ह्या मुलाचं किरकिरणं. समोरचं तोंड दिसत असेल आणि आवाज जाड असेल तर बोलणं मात्र बरंचसं कळतं. त्यामुळे गावातल्या बायका नवऱ्याशी बोलताना समोर उभ्या राहून घोगऱ्या आवाजात बोलत. गाव भांडकुदळ बायकांचं आहे, असा बाहेर बोभाटा होता.

शेवटी मुकादम आले. खुर्चीवर बसले नाहीत.

“लिही,” ते म्हणाले.

“काय लिहू?”

“तू शिकलेली. खरं लिहिलंस तर उद्यापासून चौदा जण घरी बसतील आणि तुझे पैसे परत जातील. खोटं लिहिलंस तर उद्या आम्ही त्या शिकवणाऱ्या शिट्टीमास्तरच्या शिट्टीवर नाचायचं. तुला परवडेल ते लिही.”

“बाबा, एक दिवस तरी सरळ बोला.”

“सरळच बोलतोय. आपली रीत त्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात घाल म्हणून मी तुला सांगितलं होतं. मागच्या माणसाची. घातलीस?”

ही रीत त्यांच्याच टोळीची होती. एक जण कापतो तेव्हा दुसरा त्याच्या मागे हातभर अंतरावर उभा राहतो. त्याचा तळवा कापणाऱ्याच्या खांद्यावर आणि नजर वर शेंड्यात. खांदा एकदा दाबला की थांबायचं, ढकलला की त्याच बाजूला पळायचं, मान वर करून बघत बसायचं नाही. नवा माणूस आला की पहिला अख्खा हंगाम त्याला मशीनला हात लावू देत नसत. तो नुसता मागे उभा राहायला शिकायचा.

“नाही घातली,” ती म्हणाली. “एका झाडाला दोन माणसं धरली तर मंजुरीच मिळत नाही. आणि झाड पडताना दोन झाडांच्या उंचीइतक्या अंतरात दुसरं कुणी असता कामा नये, असा नियम आहे. मागे उभे राहिलेले लोक मेलेत बाबा, दुसरीकडे. उगाच नाही केलेला नियम.”

“माझ्या टोळीत चाळीस वर्षांत एकही मेला नाही.”

“नशीब तुमचं.”

पायऱ्यांवरचं हसणं थांबलं. तिने तोंड त्यांच्याकडे करूनच ते म्हटलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांपर्यंत पोचलं.

“उद्या ये फोटो काढायला,” मुकादम म्हणाले. “तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंना दाखव, म्हातारी माकडं कशी उड्या मारतात ते.”

तिने चौदाव्या फॉर्मवर ‘ठीक’ लिहिलं. पेन इतकं दाबलं, की खालच्या कागदावरही उमटलं. मग चहा आला.

संध्याकाळी डेपोच्या फाटकाशी तिला शिट्टीमास्तर भेटला. तिशीतला शिडशिडीत माणूस, दूरच्या प्रशिक्षण संस्थेतून आलेला. गळ्यात दोरीला धोक्याच्या इशाऱ्याची शिट्टी, म्हणून हे नाव. तो दुसऱ्या दिवसाच्या जागेवर दोऱ्या बांधून आला होता आणि खुशीत होता. “तुमचे वडील मला रोज शिव्या देतात,” तो म्हणाला, “पण झाड पाडताना त्यांच्यासारखी बुंध्याला खाच घेणारा माणूस मी पाहिला नाही.” टोळीच्या कानांचं याला सांगावं, असं तिच्या मनात आलं. सांगितलं असतं तर परीक्षा तिथेच थांबली असती. उद्याचं एकदा पार पडू दे, मग सांगू, असं ठरवून ती घरी गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मुकादमांची पाळी आली. बाकीचे तेरा जण आखून दिलेल्या दोरीच्या पलीकडे उभे होते, नियमाप्रमाणे. ती शिट्टीमास्तरच्या शेजारी कॅमेरा घेऊन उभी होती. अहवालाला फोटो लागणार होते.

मुकादमांनी झाडाभोवती एक फेरी मारली, पुढची खाच घेतली, मागे गेले आणि मशीन लावली. शेजारच्या झाडात कधीतरी मोडून अडकलेली एक वाळकी फांदी होती. माणसाच्या मांडीइतकी जाड. हादऱ्याने ती सुटली. लगेच पडली नाही. आधी थोडी घसरली आणि एका खोबणीत थांबली.

शिट्टीमास्तरने शिट्टी फुंकली. कान फाटतील अशी. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, आणि तिसरी संपायच्या आत तो धावत सुटला. मुकादमांची पाठ तशीच होती, वाकलेली, कामात गढलेली. त्यांच्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता.

कॅमेरा तिच्या डोळ्याला लावलेलाच राहिला.

*

मुकादम गेल्यावर दोन दिवसांत सगळ्या गावाचं एकच बोलणं झालं. शिट्टी वाजलीच नाही.

आणि यात कुणी खोटं बोलत नव्हतं. तेरा माणसं दोरीपलीकडे उभी होती. तेरा जणांनी फांदी पडताना पाहिली आणि तेरा जणांपैकी एकालाही शिट्टी ऐकू आली नाही. ठेंगूकाका तिच्या घरी येऊन रडला. “मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो गं. तो ठोंब्यासारखा उभा राहिला आणि मग एकदम पळत सुटला. त्याने एक शिट्टी मारली असती तर मुकादमांनी उडी मारली असती. एक शिट्टी, बस.” वर्गात पहिल्या दिवशी शिट्टीमास्तरने त्यांना शिट्टी वाजवून दाखवली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्याचे फुगलेले गाल त्यांना दिसले होते ना.

शिट्टीमास्तर ज्या खोलीत राहत होता तिच्या खिडकीची काच फुटली. खोलीच्या मालकिणीने त्याची बॅग रस्त्यावर ठेवली. तो डेपोच्या चौकीदाराच्या खोलीत झोपू लागला, कारण चौकशी होईपर्यंत त्याला जाता येत नव्हतं. दुकानदार त्याला ब्रेड द्यायचा तो काउंटरवर फेकून. चौथ्या दिवशी त्याच दुकानात त्याने तिला गाठलं. दाढी वाढलेली, ओठाच्या कडेला जखम.

“तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात,” तो म्हणाला. “हातभर अंतरावर.”

दुकानात चार माणसं होती.

“माझं लक्ष कॅमेऱ्यात होतं,” ती म्हणाली.

“कॅमेरा डोळ्याला लावतात बाई. कानाला नाही लावत.”

“माझे वडील गेलेत. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय?”

“मला कळतंय. तुम्हाला काय ऐकू आलं तेवढं विचारतोय.”

दुकानदाराने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तिने तेल आणि साबण घेतला, सुटे मोजून दिले आणि घरी आली. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की तेल घरात होतंच.

थोरल्या भावाच्या कानावर हे गेलं. तो लाकडाचा ट्रक चालवायचा आणि बोलायचाही ट्रक चालवल्यासारखाच, वळणावर न थांबता. “त्याच्याशी बोलायचं नाहीस तू. त्याची चूक कागदावर आली की आईला भरपाई मिळते. मुकादमांची चूक निघाली तर काही नाही. एवढं सरळ आहे.”

“आणि चूक दोघांचीही नसेल तर?”

“मग कुणाची?” त्याने तिच्याकडे पाहिलं. तो मूर्ख नव्हता. “हे बघ. फॉर्म मीही बघितलाय, आठवा प्रश्न मीही वाचलाय. तो उघडलास तर आईचे पैसे गेले, तेरा घरांचं काम गेलं आणि तुझी नोकरी गेली. बाबा काही परत येत नाहीत. गप्प बसायला काय जातं तुझं? नाहीतरी बाबांशी तू कधी धड बोलली होतीस?”

तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. आई भांडी पुसत होती. मुलीने नेहमीच्या आवाजात मागून काहीतरी विचारलं, आणि विचारता विचारता तिच्या लक्षात आलं, की आई या घरात कुणाशीच पाठमोरं बोललेली तिने पाहिलेली नाही. आई वळली, आधी तोंड समोर केलं आणि मग बोलली. सवयच ती.

“तीस वर्षं मी मुकादमांना लांबून हाक मारली नाही,” आई म्हणाली. “जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर हे मी शिकले. तू सहा महिन्यांची होतीस, पाळण्यात रडत होतीस, ते शेजारी बसून करवतीचे दात घासत होते. त्यांना पत्ता नव्हता. मला आधी राग आला आणि मग कळलं.” तिने एक ताट पुसून उभं ठेवलं. “त्या फॉर्मवर अक्षर कुणाचं आहे?”

“माझं.”

“हं,” आई म्हणाली आणि दुसरं ताट उचललं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

अकराव्या दिवशी चौकशी बसली, डेपोच्या जुन्या गोदामात. तिथेच प्रशिक्षणाचे वर्ग भरले होते. फळ्यावर खाच कशी घ्यायची त्याची आकृती अजून तशीच होती, मुकादमांनी खडूने दुरुस्त केलेली. शहरातून मोठ्या बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोर एक टेबल, टेबलाच्या कोपऱ्याला इतिवृत्त लिहायला ती. दुसरं कुणी लिहू शकेल का, असं मोठ्या बाईंनी आधी विचारलं होतं. ती म्हणाली, मीच लिहीन. मागच्या बाकांवर तेरा जण, भिंतीशी थोरला आणि आई.

तेरा जणांनी उभं राहून एकच सांगितलं. मोठ्या बाई प्रत्येकाला अगदी समोर बोलावून, सावकाश विचारत होत्या. दुःखात असलेल्या म्हाताऱ्या माणसांशी असंच बोलायला हवं, असं त्यांना वाटत होतं. त्यामुळे प्रत्येकाला प्रश्न कळला. ती लिहीत गेली. शिट्टी ऐकली नाही. शिट्टी ऐकली नाही. चष्मेवाल्याने वर एवढं जोडलं, की “असल्या माणसाच्या हातात कुत्रंसुद्धा देऊ नये.” तिने तेही लिहिलं.

मग शिट्टीमास्तरला उभं केलं.

“मी तीनदा वाजवली,” तो म्हणाला.

“तेरा माणसं खोटं बोलतात?”

“ते मला माहीत नाही. मी तीनदा वाजवली. मी धावलो. माझ्या पायाच्या खुणा होत्या तिथे, कुणी बघितल्या नाहीत.”

“बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या कागदावर आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. घाईत होत्या. त्यांनी ठराव आधीच तयार करून आणला होता. प्रशिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना झाली, त्यांना कायमचं कमी करावं, संस्थेला कळवावं. कुटुंबाला भरपाई. तेरा जणांना प्रमाणपत्रं. दुसऱ्या वर्षाचा निधी नव्या प्रशिक्षकासह चालू, आणि या वर्गाला मुकादमांचं नाव. भिंतीपाशी थोरल्याने श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

“कुणाला काही म्हणायचंय?” मोठ्या बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिला म्हणाल्या, “तुम्ही वाचून दाखवा म्हणजे सह्या करता येतील.”

तेव्हा शिट्टीमास्तर उठला. तेरा जणांकडे पाठ करून, मोठ्या बाईंसमोर उभं राहून त्याने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि अंगात होता नव्हता तेवढ्या जोराने फुंकली. पत्र्याच्या गोदामात तो आवाज सुरीसारखा फिरला. मोठ्या बाईंनी दोन्ही कान झाकले. थोरला दचकून भिंतीवर आदळला. “इथे तमाशा नको,” मोठ्या बाई ओरडल्या. “बाहेर काढा यांना.”

मोठ्या बाई, थोरला आणि दाराशी उभा चौकीदार त्याच्याकडे बघत होते. ती बाकांकडे बघत होती. चष्मेवाला चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. पुसतच राहिला. दोघे एकमेकांशी हळू काहीतरी बोलत होते, ते थांबले नाहीत. ठेंगूकाका खाली मान घालून बसला होता. बाई हातवारे करताहेत हे त्याला शेजाऱ्याने कोपर मारल्यावर कळलं, तेव्हा त्याने मान वर केली.

चौकीदाराने शिट्टीमास्तरचा दंड धरला होता.

“थांबा,” ती म्हणाली. “त्यांना सोडा.”

“तुम्ही ठराव वाचताय ना?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“नाही.”

ती टेबलाला वळसा घालून पुढे गेली. थोरला भिंतीपासून निघाला होता. “बस खाली,” तो दातांतल्या दातांत म्हणाला. “आईकडे बघ आणि बस.” तिने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. मांडीवर हात, चेहऱ्यावर काही नाही. बस असंही नाही, बोल असंही नाही. जे काय होईल ते तुझ्याच अक्षरात होऊ दे, एवढाच त्या चेहऱ्याचा अर्थ तिने लावला. चुकीचाही असेल.

ती बाकांसमोर उभी राहिली, उजेड तोंडावर पडेल अशी. आवाज खाली आणला. या माणसांशी ती जन्मात कधी या आवाजात बोलली नव्हती. वडिलांशीही नाही. तिला ते आवाज चढवणं वाटायचं, अडाणीपणाचं वाटायचं.

“काका,” ती म्हणाली, “आत्ता इथे शिट्टी वाजली. तुमच्यापैकी एकही जण दचकला नाही.”

तेराही चेहरे तिच्या तोंडाकडे लागले. चष्मेवाल्याने घाईने चष्मा चढवला.

“काय म्हणते ती?” मागून कुणीतरी विचारलं.

“त्या दिवशीही वाजली होती. तीनदा. मी शेजारी होते, मी ऐकली. दुकानात याला मी खोटं सांगितलं.” तिने प्रत्येक शब्द सुटा केला. “तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला ऐकू आली नाही. बाबांनाही आली नाही. त्यांना येणार नाही हे मला आदल्या दिवशी माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. तुमच्या मागे हात ठेवणारा माणूस लागतो हे त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी म्हटलं, नशीब तुमचं. मग मी ‘ठीक’ लिहिलं. चौदा वेळा, माझ्या हाताने. या माणसाने त्यांना मारलं नाही काका. निधी परत जाऊ नये म्हणून मी ‘ठीक’ लिहिलं, आणि त्यांना तिथे एकटं उभं केलं.”